जाम नट, गोल झालेलं डोकं, तुटलेला स्टड: घरी गाडीचं काम करताना कोणत्या क्रमाने जायचं

छोटा हत्ती, बोलेरो पिकअप, ४०७ असली गाडी दारात असणारे बरेच जण पाटे (लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगा), शॉकअप, सायलेन्सर, ब्रेकचं बारीकसारीक काम आता घरीच करतात आणि ते चांगलंच आहे. पण काम नवा पार्ट बसवताना अडत नाही, जुना नट सुटत नाही तिथे अडतं. आणि मग जवळजवळ प्रत्येक जण एकच करतो, पान्याला पाईप लावतो आणि अंगाचा सगळा भार टाकतो. डोकं गोल होतं नाहीतर बोल्ट तुटतो, आणि सकाळचं काम दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत लांबतं.

जोर लावणं चूक नाही, जोर आधी लावणं चूक आहे. क्रम असा हवा की एक उपाय फसला तरी पुढचा शिल्लक राहिला पाहिजे. तेलाने नाही सुटला तर ठोकता येतो, ठोकून नाही सुटला तर तापवता येतो, पण डोकं एकदा गोल झालं की निम्मे रस्ते बंद, आणि तुटला की राहतं फक्त वेल्डिंग आणि ड्रिल. म्हणून बोल्ट वाचवायचा असेल तर खालचे टप्पे वरून खाली असेच घ्या, मधला गाळू नका.

कोकणात मासळीच्या गाड्या चालवणाऱ्यांनी तर हे नीटच वाचा. बर्फाचं खारं पाणी रोज हौद्यातून चॅसीवर गळतं, आणि पाट्याचे यू-बोल्ट (पाटा एक्सलला आवळणारे यू आकाराचे बोल्ट), शॅकल (पाट्याचं टोक चॅसीला जोडणारी कडी), स्पेअर व्हील अडकवायचा बोल्ट असे धरतात की साधा पाना दाद देत नाही. युरिया किंवा मिठाची पोती वाहणाऱ्या गाड्यांचंही तेच.

## टप्पा १: हा बोल्ट घरी सोडवायचा का, हे आधी ठरवा

पाना हातात घ्यायच्या आधी तीन गोष्टी बघा.

बोल्टवर ताण कसला आहे? पाट्याचा यू-बोल्ट किंवा शॅकल सोडवायचा तर चॅसी वेगळ्या घोडीवर (लोखंडी स्टँडवर) आणि एक्सल वेगळ्या जॅकवर धरलेला हवा, नाहीतर बोल्ट सुटल्याबरोबर पाटा उसळी मारतो. कॉइल स्प्रिंग दाबून धरणारा वरचा नट असेल तर तो स्प्रिंग कॉम्प्रेसरशिवाय हात लावायचा नाहीच.

तुटला तर काय होईल? सायलेन्सरच्या जोडावरचा बोल्ट तुटला तर फार काही बिघडत नाही, नवा टाकता येतो. इंजिनच्या हेडमध्ये गेलेला स्टड (बिनडोक्याचा, आटे असलेला दांडा) आत तुटला, आणि समोर फायरवॉल (इंजिन आणि केबिनमधला पत्रा) असल्यामुळे ड्रिल सरळ धरायला जागाच नाही, तर ते घरचं काम राहत नाही. असा स्टड तापवूनही हलत नसेल तर तो न तोडता गॅरेजला न्या. न तुटलेला स्टड घेऊन गेलात तर मेकॅनिकचं काम सोपं आणि तुमचा खर्चही कमी.

नवा बोल्ट मिळतो का? हे लोक शेवटी बघतात, बघायचं मात्र आधी. कापायचा की वाचवायचा हा निर्णय त्यावर आहे. यू-बोल्ट, सायलेन्सरचे बोल्ट, शॉकअपचे नट स्पेअरच्या दुकानात सहज मिळतात, मग जुने वाचवायला घाम का गाळायचा.

> थांबा आणि बघा: गाडी सपाट, कडक जागेवर आहे? न उचललेल्या चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे लावलेत? घोडी चॅसीखाली आहे की नुसत्या जॅकवर भरवसा ठेवलाय? ब्रेकर बारवर ओढताना गाडी चांगलीच हलते, नुसत्या जॅकवर असलेली गाडी तेव्हाच घसरते.

चाकाचे नट मात्र गाडी उचलायच्या आधी, चाक जमिनीवर असतानाच थोडे ढिले करा.

## टप्पा २: सामान, सगळं आधी जवळ घ्या

निम्मी डोकी गोल होतात ती योग्य सॉकेट आणायला उठायचा कंटाळा केल्यामुळे. गाडीखाली झोपायच्या आधी हे हाताशी असू द्या:

- सहा कोनी सॉकेट आणि रिंग पाने. बाराकोनी नको, का ते टप्पा ४ मध्ये.
- साधारण ६० सेंमी लांबीचा ब्रेकर बार, म्हणजे सॉकेटला लावायचा लांब दांडा. रॅचेटला पाईप लावू नका, आतले दाते तुटतात. टॉर्क रेंच (ठरावीक जोराने आवळायचा पाना) तर सोडवायला कधीच वापरू नका.
- वायर ब्रश, आणि आटे (नट-बोल्टवरच्या पेचाच्या खाचा) साफ करायला जुना दातांचा ब्रश.
- पेनिट्रेटिंग ऑइल, म्हणजे गंजाच्या फटीत शिरणारं पातळ तेल.
- एक किलोच्या आसपासची हातोडी, जाड पितळी किंवा लोखंडी दांडा, धारदार छन्नी.
- व्हाइस ग्रिप, म्हणजे आवळून लॉक होणारी पकड.
- हँड टॉर्च, म्हणजे गॅसचा छोटा बर्नर, आणि साधी मेणबत्ती.
- खडू किंवा नेलपॉलिश, खुणेसाठी.
- गॉगल. गाडीखाली झोपून वर बघत ठोकताना गंजाचे पापुद्रे सरळ डोळ्यात येतात, त्यामुळे चष्मा असला तरी वरून गॉगल घाला.

तेलाबद्दल थोडं. डब्ल्यूडी-४० चा नेहमीचा निळा-पिवळा डबा हा मुळात पाणी हटवायला बनवलेला आहे, थोडंफार काम करतो, पण त्याच कंपनीचं वेगळं पेनिट्रंट मिळतं ते जाम बोल्टला जास्त बरं. एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल) आणि ॲसिटोन निम्मं-निम्मं हे मिश्रणही बरेच जण वापरतात आणि ते आत चांगलं शिरतं, फक्त ॲसिटोन लगेच पेट घेतं आणि उडून जातं, म्हणून लागेल तेवढंच करा, दर वेळी हलवा आणि आग जवळ नको. रॉकेल-डिझेलनेही चालतं, पण वेळ जास्त द्यावा लागतो.

## टप्पा ३: साफ करा, तेल सोडा, आणि निघून जा

हा टप्पा सगळ्यात जास्त गाळला जातो आणि सगळ्यात जास्त काम हाच करतो. लोखंडाचा गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, म्हणून आट्यांच्या फटीत तो फुगून बसतो आणि नट आवळून धरतो. तेल त्या फटीत शिरायला फट आधी उघडी पाहिजे.

आधी बाहेर आलेल्या आट्यांवरून वायर ब्रश मारा, अगदी धातूची चमक दिसेपर्यंत. चिखल, ग्रीस, अंडरबॉडी कोटिंगचा डांबरी थर सगळं काढा. नट सुटताना ज्या आट्यांवरून जाणार ते आटे गंजलेले राहिले तर नट पहिला अर्धा फेरा सुटतो आणि मग पुन्हा तिथेच अडकतो, आणि तिथेच लोक रागाने तोडतात.

मग तेल. नटाच्या दोन्ही बाजूंनी सोडा, फक्त दिसतं त्या बाजूने नाही. दोन-तीन हलके टोले मारा, पुन्हा तेल सोडा. हे आदल्या संध्याकाळी, रात्री झोपताना आणि सकाळी उठल्यावर करा. दहा मिनिटं थांबून 'तेलाने काय होत नाही' म्हणणारे खूप आहेत, त्यांना दहा मिनिटांत होणार नाहीच. गाडी रोज धंद्याला लागत असेल तर रविवारच्या कामासाठी गुरुवारपासून रोज गाडी उभी केल्यावर तेल सोडत जा, चालताना बसणाऱ्या हादऱ्यांनी ते आत शिरतं.

> सावध: तेल ब्रेक लायनर, ड्रम, डिस्क आणि रबरी बुशवर जाऊ देऊ नका, प्लॅस्टिक पिशवी किंवा चिंधी गुंडाळा. ब्रेकच्या निपलला (ब्रेकमधली हवा काढायच्या पोकळ स्क्रूला) बाहेरून लावायचं झालं तर थेंबभरच, कारण खनिज तेल ब्रेक फ्लुइडमध्ये गेलं की आतली रबरी सील फुगतात. सायलेन्सर गरम असताना पेट घेणारं काहीही मारू नका.

## टप्पा ४: पाना बरोबर बसतोय का, आणि फिरवायचा कुठे

सहा कोनी सॉकेट नटाच्या सपाट बाजूला धरतो, बाराकोनी कोपऱ्याजवळ धरतो. नवीन नटावर फरक कळत नाही, पण गंजाने कोपरे झिजलेल्या नटावर बाराकोनी सॉकेट कोपरे सोलत जातो. डी पाना (उघड्या तोंडाचा) तर दोनच बाजूंना धरतो, त्यामुळे जाम नटाला पहिला हात त्याने लावायचाच नाही. स्क्रू पाना (माप कमी-जास्त करता येणारा) तर लांबच ठेवा.

माप तपासा. सॉकेट बसवून हाताने डावी-उजवीकडे हलवा, खडखड जास्त वाटली तर माप चुकलंय. एम ८ (म्हणजे ८ मिलिमीटर जाडीच्या) बोल्टला सहसा १३ चा, एम १० ला १७ चा, एम १२ ला १९ चा पाना लागतो, पण जपानी पद्धतीच्या बोल्टला हेच १२, १४ आणि १७ असतात आणि काही नव्या बोल्टला एम १० साठी १६ पण लागतो. 'बसतंय तसं' म्हणून १७ च्या डोक्यावर १८ चा सॉकेट घालणं हीच गोल होण्याची सुरुवात. डोक्यावर गंजाचा थर असेल तर सॉकेट पूर्ण खाली बसत नाही, टोकावरच धरतो आणि सटकतो. म्हणून डोकंही ब्रशने साफ करा आणि सॉकेट हातोडीने हलकं ठोकून तळापर्यंत बसवा.

दिशा. ऐकायला बालिश वाटेल, पण गाडीखाली झोपून, हात उलटा करून काम करताना बरेच बोल्ट आवळूनच तोडले जातात. नटाच्या तोंडाकडे बघताय असं मनात धरा आणि घड्याळाच्या उलट दिशेने फिरवा. काही जुन्या ट्रकांना डाव्या बाजूच्या चाकांना उलटे आटे असतात, स्टडच्या तोंडावर इंग्रजी एल मारलेला दिसतो का ते वायर ब्रश मारून बघा.

> थांबा आणि बघा: नट आणि स्टडचं टोक यांच्यावरून खडूने किंवा नेलपॉलिशने एक सरळ रेघ मारा. पुढे नट खरंच फिरतोय की बोल्ट पिळतोय हे या रेघेवरूनच कळणार आहे.

## टप्पा ५: ठोका, थोडं आवळा, मग सोडवा

आधी धक्का, मग जोर. बोल्टच्या डोक्यावर सरळ, त्याच्या लांबीच्या रेषेत, दांडा ठेवून चार-पाच दणके द्या. याने गंजाची पकड आतून तडकते. नट असेल तर त्याच्या एका सपाट बाजूला जड हातोडी टेकवून धरा आणि समोरच्या बाजूला दुसऱ्या हातोडीने ठोका, असं सगळ्या बाजूंनी. स्टडच्या टोकावर थेट ठोकू नका, आटे पसरतात आणि नट निघत नाही. ठोकावंच लागलं तर जुना नट टोकाशी सपाट बसवून त्याच्यावर ठोका.

मग ब्रेकर बार लावा, आणि पहिला जोर आवळायच्या दिशेने लावा. जरासाच. हे बऱ्याच जणांना पटत नाही, पण गंजाचा थर कुठल्याही दिशेने तुटला तरी तुटतो, आणि आवळायच्या बाजूला पाव इंच हलला तरी सोडवायला तो सोपा जातो. हलला की उलटा फिरवा, अडकला की परत थोडा आवळा, तेल सोडा, परत सोडवा. पुढे-मागे, पुढे-मागे. एका दमात सरळ ओढून काढायला गेलात तर गंजाचा चुरा आट्यांत गोळा होतो आणि नट अर्ध्यावर कायमचा बसतो.

जोर किती लागतो याचा अंदाज घ्या. एम १० चा ८.८ ग्रेडचा (हा ताकदीचा दर्जा, डोक्यावर कोरलेला असतो) बोल्ट साधारण ५० न्यूटन मीटरला आवळतात, हे टॉर्कचं म्हणजे फिरवण्याच्या जोराचं माप. ६० सेंमीच्या बारच्या टोकाला २० किलोचा भार टाकला तर बोल्टवर जवळजवळ ११८ न्यूटन मीटर येतात, म्हणजे दुपटीपेक्षाही जास्त. म्हणून एम ८, एम १० ला लांब पाईप लावायचाच नाही. यू-बोल्टचे मोठे नट, चाकाचे नट यांना लांब बार चालतो.

आता हाताला काय कळतं ते महत्त्वाचं. गंज सुटताना एकदम 'कट्' असा आवाज येतो आणि पाना झटकन थोडासा येतो, मग घासत चालतो, हे चांगलं. पण पाना मऊ येत असेल, आवाज नाही, झटका नाही, ओढाल तसा हळूहळू येतोय आणि सोडला की थोडा मागे जातोय, तर थांबा. रेघ बघा. नट आणि स्टडची रेघ एका सरळीत राहिली असेल तर नट सुटत नाहीये, आतला स्टड पिळला जातोय, आणि अजून एक ओढ दिलीत की तो तुटेल. इथे थांबलात तर बोल्ट वाचतो. सरळ पुढच्या टप्प्यावर जा.

इम्पॅक्ट गन असेल तर उत्तमच, तिचे छोटे-छोटे धक्के सलग ओढण्यापेक्षा गंजावर चांगले लागतात. पण ती कमी ताकदीवर सुरू करा आणि सॉकेट काळे, इम्पॅक्टचेच वापरा, क्रोमचे फुटतात. टायरवाल्याकडची मोठी गन एम १० वर लावली तर काही समजायच्या आत डोकं हातात येतं.

## टप्पा ६: तापवणं

तेल आणि धक्क्याने नाही हलला तर उष्णता, आणि तापवायचं ते नटाला, बोल्टला नाही. नट गरम होऊन फुगला पाहिजे आणि आतला बोल्ट त्या मानाने थंड राहिला पाहिजे. पोलाद १०० अंशाला दर मीटरमागे साधारण १.२ मिलिमीटर वाढतं, म्हणजे १० मिलिमीटरच्या नटात ३०० अंशांनी पडणारा फरक मिलिमीटरचा अगदी थोडा भाग, पण गंजाची पकड तडकायला तेवढा पुरतो.

क्रम असा:

1. आधीचं तेल पूर्ण पुसा. ॲसिटोन मिश्रण लावलं असेल तर पाणी-साबणाने धुऊन वाळू द्या.
2. आजूबाजूची रबरी होज, वायरिंग, बुश बाजूला करा किंवा ओल्या फडक्याने झाका. पाण्याची बादली आणि अग्निशामक जवळ.
3. बर्नरची ज्योत नटाच्या सगळ्या बाजूंना फिरवा.
4. लगेच पुढे-मागे करून बघा. नाही हलला तर थोडं निवू द्या आणि नट गरम असतानाच त्याच्या कडेला मेणबत्ती टेकवा. मेण वितळून आट्यांत ओढलं जातं. नुसता धूर निघत असेल तर नट फार गरम आहे, अजून जरा थांबा.
5. असं दोन-तीनदा. तापणं आणि निवणं हे दोन्ही काम करतं.

ॲल्युमिनियमच्या हेडमध्ये लोखंडी स्टड असेल तर स्टडऐवजी भोवतालचं ॲल्युमिनियम तापवा, ते लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट पसरतं. पण ॲल्युमिनियम लाल होत नाही, ६६० अंशाला किंवा त्याआधीच सरळ वितळतं, त्यामुळे डोळ्याला अंदाज येत नाही. पाण्याचा थेंब टाकून बघा, चर्र झालं की थांबा, तेवढं बस.

> सावध: डिझेलची टाकी, पाईप, सीएनजीचं सिलिंडर, ब्रेकचा पाईप, शॉकअपची नळी, बॉल जॉइंट यांच्याजवळ ज्योत नाही. गॅस भरलेला शॉकअप तापवला तर फुटू शकतो. ब्रेक क्लीनर स्प्रे मारलेल्या जागी ज्योत किंवा वेल्डिंग तर अजिबात नको, काही क्लीनरमधल्या क्लोरिनच्या द्रव्यांपासून तापल्यावर फॉस्जीन नावाचा विषारी वायू होतो. आणि लाल झालेल्या बोल्टवर गार पाणी ओतू नका, तो कडक होतो, मग तुटल्यावर ड्रिल लागत नाही आणि शेजारचं बीड (ओतीव लोखंड) असेल तर तडकतं.

लाल तापवलेला बोल्ट पुन्हा वापरायचा नाही, नवीन टाका. त्याची मूळची ताकद गेलेली असते.

## टप्पा ७: डोकं गोल झालं, आता?

तोच पाना परत परत लावून बघायचं नाही. प्रत्येक सटकण्याला उरलेले कोपरेही जातात. पहिल्यांदा सटकला की लगेच खालीलपैकी काहीतरी करा.

एक माप लहान सॉकेट ठोकून बसवा. १३ च्या गोल झालेल्या डोक्यावर अर्ध्या इंचाचा सॉकेट, जो १२.७ मिलिमीटर असतो, हातोडीने घट्ट बसतो. १७ साठी १६ चा. जुना, टाकाऊ सॉकेट घ्या. हे माझं सगळ्यात आवडतं, कारण याला नवीन सामान लागत नाही आणि बसवताना बसणारे दणके बोल्टलाही हलवतात.

आतून दाते असलेले बोल्ट काढायचे सॉकेट. संच विकत मिळतो. फिरेल तसा जास्त घट्ट धरतो. घरी गाडीचं काम वारंवार करत असाल तर घेऊन ठेवा.

कानशीने दोन सपाट बाजू. डोकं मोठं आणि जागा मोकळी असेल तर समोरासमोर दोन बाजू घासा, लहान मापाचा पाना किंवा व्हाइस ग्रिप लावा. व्हाइस ग्रिप पूर्ण आवळून, जबडा डोक्यावर चावला पाहिजे इतका.

छन्नी. डोक्याच्या कडेला सरळ छन्नी मारून आधी खाच पाडा. मग छन्नी तिरकी धरून त्या खाचेत, सोडवायच्या दिशेने ठोका. शेवटचा उपाय आहे पण मोठ्या डोक्यावर लागू पडतो.

एलन बोल्टचं (डोक्यात सहा कोनी भोक असलेल्या बोल्टचं) भोक गोल झालं तर त्यात बसेल त्याहून किंचित मोठा टॉर्क्स बिट (चांदणीच्या आकाराचा) ठोकून घालायचा. ब्रेक ड्रमचे फिलिप्स स्क्रू साध्या स्क्रू ड्रायव्हरने पहिल्या फटक्यात गोल होतात, त्यांना हँड इम्पॅक्ट ड्रायव्हर लागतोच, हातोडीच्या टोल्याने फिरणारा. नाहीच निघाला तर डोकं ड्रिल करून उडवा, ड्रम निघाल्यावर उरलेला दांडा व्हाइस ग्रिपने बाहेर येतो.

## टप्पा ८: नट कापायचा तर

नवीन बोल्ट मिळतोय हे टप्पा १ मध्ये बघितलंत तर यू-बोल्टवर, सायलेन्सरच्या बोल्टवर तास-दोन तास घालवण्यात अर्थ नाही. सरळ कापा.

चार इंची ग्राइंडर, पातळ कटिंग डिस्क, गार्ड लावलेलं. गार्ड काढून काम करणारे दिसतात, तसं करू नका, फुटलेली डिस्क चेहऱ्यावरच येते. आतला स्टड वाचवायचा असेल तर नटाच्या एका सपाट बाजूला, बोल्टच्या लांबीला समांतर चीर द्या, आट्यांना लागायच्या आधी थांबा, आणि चिरेत छन्नी मारून नट उकला. ग्राइंडर शिरत नसेल तिथे नट स्प्लिटर, म्हणजे नट चिरायचं हत्यार.

ठिणग्या कुठे उडतात ते बघा. डिझेल टाकीकडे उडत असतील तर कापायची बाजू बदला किंवा मध्ये पत्रा धरा. काम झाल्यावर अर्धा तास तिथेच थांबा, चॅसीच्या खोबणीत अडकलेला तेलकट कचरा नंतर धुमसतो.

## टप्पा ९: बोल्ट तुटला

आता घाई केलीत तर भोकही जातं. दोन परिस्थिती असतात.

थोडा बाहेर आलेला आहे. वेल्डिंग. तुटलेल्या स्टडवर त्याहून थोड्या मोठ्या भोकाचा नट ठेवायचा आणि भोकातून आत वेल्ड भरायचं. नट पकडायला मिळतो हे एक, आणि वेल्डिंगची उष्णता आतला गंज मोडते हे त्याहून मोठं. घरी मशीन नसेल तर गल्लीतला फॅब्रिकेशनवाला पाच मिनिटांत करून देतो. लाली जाऊ द्या, गरम असतानाच पुढे-मागे करून काढा. वेल्ड सुटला तर परत करा, दुसऱ्या-तिसऱ्या वेळी निघणारे खूप स्टड आहेत.

> सावध: वेल्डिंगच्या आधी बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल काढा, इलेक्ट्रॉनिक्स जास्त असलेल्या गाडीत, बीएस-६ असेल तर नक्कीच, ईसीएमचे (इंजिनच्या कंप्युटरचे) कनेक्टरही सोडा. अर्थिंगचा चिमटा वेल्डच्या जवळच लावा, चॅसीच्या दुसऱ्या टोकाला नाही, नाहीतर करंट बेअरिंगमधून जातो.

भोकाच्या आत तुटला. ड्रिल. तुटलेलं तोंड वाकडं असेल तर आधी सपाट करा. सेंटर पंच (टिंब पाडायचं टोकदार हत्यार) बरोबर मध्ये मारा, आणि इथे खरंच वेळ घ्या, भिंग लावा, दोन बाजूंनी बघा. मध्य एक मिलिमीटर चुकला तर ड्रिल पुढे जाऊन भोकाचे आटे खाणार. आधी ३ मिलिमीटर, हळू वेगाने, थेंब-थेंब तेल सोडत, मग ५. उलट्या दिशेचे ड्रिल बिट मिळाले तर तेच वापरा, बरेचदा ड्रिल करता करताच तुकडा फिरून बाहेर येतो. ड्रिल करताना हातमोजे नकोत, गुंडाळले जातात.

एक्स्ट्रॅक्टर, ज्याला इझी आऊट म्हणतात, त्याबद्दल माझं मत कडक आहे. डोकं असताना ब्रेकर बारने जो बोल्ट सुटला नाही तो या बारीक, ठिसूळ खिळ्याने सुटेल अशी आशा ठेवू नका. आवळताना जास्त टॉर्कमुळे तुटलेला, पण गंजाने न धरलेला बोल्ट असेल तर तो छान निघतो. गंजाने धरलेला असेल तर आधी तापवा, मगच लावा, आणि नुसत्या मनगटाच्या जोराने. आत तुटला तर तो इतका कडक असतो की साधं ड्रिल त्यावर फक्त घसरतं, आणि मग मशीन शॉपशिवाय पर्याय नाही.

नाहीच निघाला तर ड्रिल वाढवत टॅपच्या (भोकात आटे पाडायच्या हत्याराच्या) ड्रिल मापापर्यंत जा, एम ८ ला ६.८, एम १० ला ८.५, एम १२ ला १०.२ मिलिमीटर, हे जाड आट्यांसाठी. उरलेलं आट्यांचं वेटोळं टोकदार सुईने उचकटून काढता येतं.

## टप्पा १०: भोकातले आटे

बोल्ट निघाला म्हणजे काम झालं नाही. टॅप घालून आटे साफ करा, अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे, तेल लावून. टॅप घालायच्या आधी बोल्टची पिच (दोन आट्यांमधलं अंतर) तपासा, एम १० मध्ये १.५ पण असते आणि १.२५ पण, चुकीचा टॅप दोन फेऱ्यांत सगळे आटे कापून टाकतो. हाताने दोन-तीन फेरे सहज बसत नसेल तर जोर करू नका, काढून बघा. आटे गेलेच असतील तर हेलीकॉइल (नवे आटे देणारं तारेचं वेटोळं) बसवा. मोठा बोल्ट ठोकून घालणं, आट्यांत तार किंवा पत्रा भरणं, एम-सीलने चिकटवणं हे सस्पेन्शन किंवा ब्रेकच्या बोल्टला कदापि नाही.

ब्रेकच्या निपलचं वेगळं सांगतो, कारण तो पोकळ असतो आणि जराशा जोराने पिचकून तुटतो. त्याच्या भोकात घट्ट बसेल असा ड्रिल बिट उलटा, गुळगुळीत बाजूने घाला, वरून हलके टोले द्या, सहा कोनी सॉकेट लावा, आवळायच्या बाजूला जरासा आणि मग सोडवा. तुटला तर घरी ड्रिलचे प्रयोग नकोत, व्हील सिलिंडरच बदला.

## टप्पा ११: परत बसवताना

आज जाम झालेला बोल्ट पुढच्या वेळी हाताने सुटावा हे आत्ताच ठरतं. आटे कोरडे-स्वच्छ करून सायलेन्सरच्या स्टडला कॉपर ग्रीस, शॅकल आणि यू-बोल्टच्या बाहेर राहणाऱ्या आट्यांना बसवल्यानंतर ग्रीसचा हात. पण आट्यांना आधी ग्रीस लावून कोरड्याचाच टॉर्क दिलात तर बोल्ट जास्त ताणला जातो, म्हणून कंपनीने तेल लावून टॉर्क सांगितला नसेल तर पाव भागाने कमी धरा. चाकाच्या नटाला, विशेषतः त्याच्या उतरत्या बैठकीला, ग्रीस नाही.

८.८ च्या जागी ८.८ किंवा त्यावरचाच बोल्ट. हार्डवेअरच्या दुकानातला बिनखुणेचा चकचकीत बोल्ट पाट्याला लावू नका, डोक्यावर आकडा असलेलाच घ्या. नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेला) दर वेळी नवा. प्रत्येक नट आधी हाताने तीन-चार फेरे घाला, पहिल्या फेऱ्यापासून पाना लागत असेल तर आटे वाकडे धरलेत.

यू-बोल्टचे चारही नट आलटून पालटून, समोरासमोर, तीन टप्प्यांत आवळा, गाडी चाकांवर उभी करून शेवटचा टॉर्क द्या आणि नट ते स्टड रेघ मारा. भरलेल्या गाडीची पहिली फेरी झाल्यावर खाली वाकून रेघ बघा आणि टॉर्क रेंच लावून तपासा, नवीन यू-बोल्ट भाराखाली थोडे बसतातच. पाना फिरला तर परत पूर्ण टॉर्क द्या. पुढच्या फेरीलाही तोच नट परत ढिला निघाला तर आवळत राहू नका, सोडवून सेंटर बोल्ट (पाट्यांच्या मधून जाणारा) आणि पाट्याची बैठक बघा, तिथे काहीतरी सरकलेलं असतं.